प्रमाणित शालेय चाचण्या आणि पालकांचा नकाराचा हक्क : अमेरिकेतील ऑप्ट-आउट चळवळीचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

शाळा म्हटली की परीक्षा आलीच, ही समजूत इतकी रुळलेली आहे की परीक्षा घेण्याचा अधिकार नेमका कोणाचा आणि ती नाकारण्याचा अधिकार कोणाला आहे काय, हा प्रश्न सहसा उपस्थित केला जात नाही. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत मात्र एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात हा प्रश्न सार्वजनिक वादाचा विषय झाला. २०१५ च्या वसंत ऋतूत न्यूयॉर्क राज्यातील तिसरी ते आठवीच्या सुमारे ११ लाख पात्र विद्यार्थ्यांपैकी जवळजवळ २० टक्के विद्यार्थी राज्याच्या वार्षिक चाचणीला बसले नाहीत. ही मुले आजारी नव्हती आणि शाळाही सोडून गेलेली नव्हती. आपल्या पाल्याने ही चाचणी देऊ नये, असे त्यांच्या पालकांनी शाळेला कळविले होते. या घटनाक्रमाला ‘ऑप्ट-आउट चळवळ’ या नावाने ओळखले जाते.

या चळवळीविषयीचे बहुतेक लेखन दोन टोकांना गेलेले आढळते. एका पक्षाने तिला पालकांच्या नैसर्गिक हक्काचा विजय मानले, तर दुसऱ्या पक्षाने सुखवस्तू वर्गाचा हट्ट. प्रस्तुत निबंधात पालकांच्या या हक्काचा उगम कोठे झाला, त्याला कायद्याचा आधार कितपत मिळाला आणि तो कोणाला वापरता आला, या तीन प्रश्नांचा ऐतिहासिक क्रमाने विचार केला आहे. उपलब्ध घटनांवरून असे दिसते की, हा हक्क घटनेच्या कलमांतून वा न्यायालयांच्या निर्णयांतून आलेला नाही. चाचणीच्या निकालाचे ओझे ज्या ठिकाणी शाळेवर आणि शिक्षकावर पडत होते, त्या ठिकाणी तो टिकला. ज्या ठिकाणी ते ओझे थेट बालकावर पडत होते, त्या ठिकाणी तो टिकला नाही. ज्या बालकाला चाचणीपासून संरक्षणाची सर्वाधिक गरज होती, त्याच्यापर्यंत हा हक्क पोहोचलाच नाही. हा विरोधाभास या इतिहासाच्या केंद्रस्थानी आहे.

चाचणी कोणाची? : १८४५ ते १९६५

अमेरिकन शाळांतील लेखी परीक्षेचा आरंभ बहुधा इ. स. १८४५ च्या बोस्टनमधील प्रयोगापासून मानला जातो. त्यापूर्वी शाळासमितीचे सभासद वर्गात येऊन मुलांना तोंडी प्रश्न विचारीत. मॅसॅच्युसेट्स राज्याच्या शिक्षण मंडळाचे सचिव होरेस मॅन यांच्या प्रेरणेने आणि सॅम्युअल ग्रिडली हाउ यांच्यासारख्या सहकाऱ्यांच्या पुढाकाराने त्या वर्षी शहरातील शाळांना एकच छापील प्रश्नपत्रिका देण्यात आली. सर्वांना तेच प्रश्न आणि तेवढाच वेळ असल्यामुळे शाळाशाळांची तुलना प्रथमच शक्य झाली. निकाल निराशाजनक लागले आणि ते प्रसिद्धही झाले. मॅन आणि बोस्टनचे मुख्याध्यापक यांच्यात अध्यापनपद्धतीवरून आधीपासूनच वाद चालू होता. या निकालांनी मॅन यांच्या हाती एक साधन दिले. तेव्हा प्रमाणित चाचणीचा पहिला रोख मुलांपेक्षा शिक्षकांवर होता, ही बाब पुढील इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाची ठरते.

चाचणीचे दुसरे रूप विद्यार्थ्याची निवड करणारे होते. न्यूयॉर्क राज्यात १८६५ पासून रीजन्ट्स परीक्षा सुरू झाल्या. पहिल्या महायुद्धात १९१७ नंतर सुमारे १७ लाख सैनिकांना ‘आर्मी अल्फा’ आणि ‘आर्मी बीटा’ या बुद्धिमापन चाचण्या देण्यात आल्या. त्यातून मिळालेल्या तंत्राच्या आधारे १९२६ मध्ये महाविद्यालयीन प्रवेशासाठी ‘सॅट’ परीक्षा प्रथम घेण्यात आली. १९३८ मध्ये पेन्सिलच्या खुणा विद्युत्प्रवाहाने वाचणारे आयबीएम कंपनीचे गुणांकन यंत्र बाजारात आले आणि लक्षावधी उत्तरपत्रिका अल्प खर्चात तपासणे शक्य झाले.

याप्रमाणे विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत चाचणीचे दोन हेतू रूढ झाले होते. एका चाचणीतून शाळेचे काम तपासले जाई, दुसरीतून मुलाचे भवितव्य ठरविले जाई. पालकांच्या दृष्टीने या दोहोंत मोठा फरक होता. पहिली चाचणी नाकारल्याने मुलाचे काही जात नव्हते. दुसरी नाकारली तर मुलाचे पुढचे दार बंद होत होते.

संघशासनाचा प्रवेश आणि पंच्याण्णव टक्क्यांची अट

अमेरिकेत शिक्षण हा राज्यांचा विषय आहे. संघशासनाने त्यात मोठ्या प्रमाणावर प्रवेश केला तो १९६५ च्या प्राथमिक व माध्यमिक शिक्षण कायद्याने. राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांच्या दारिद्र्यनिर्मूलन कार्यक्रमाचा तो भाग होता. त्याच्या पहिल्या प्रकरणाखाली (‘टायटल वन’) गरीब वस्त्यांतील शाळांना अनुदान मिळू लागले. हा पैसा खरोखर गरीब मुलांच्या उपयोगी पडतो की नाही याचे मूल्यमापन व्हावे, असा आग्रह सिनेटर रॉबर्ट केनेडी यांनी धरला आणि तशी तरतूद कायद्यात आली. निकालांची माहिती पालकांच्या हाती यावी आणि तिच्या बळावर त्यांनी शाळेला जाब विचारावा, असा विचार त्यामागे होता. पन्नास वर्षांनी पालकांचाच एक वर्ग ही माहिती देण्यास नकार देईल, याची तेव्हा कोणाला कल्पना असणे शक्य नव्हते.

१९८३ मध्ये ‘अ नेशन ॲट रिस्क’ हा अहवाल प्रसिद्ध झाला. अमेरिकन शाळांचा दर्जा घसरत असून त्यामुळे राष्ट्राचे आर्थिक स्थान धोक्यात येत आहे, असा इशारा त्यात होता. त्यानंतर राज्याराज्यांत चाचण्यांची संख्या वाढली. परंतु त्या काळात अपंग आणि इंग्रजी शिकणाऱ्या अनेक मुलांना चाचणीतून सर्रास वगळले जात असे. दुबळी मुले चाचणीच्या दिवशी घरी राहिली म्हणजे शाळेची सरासरी वाढते, हे शाळांना उमगले होते. वगळण्याची ही जुनी पद्धत शाळेच्या सोयीची होती, आणि तीत पालकांना क्वचितच विचारले जाई. अपंग मुलांना राज्याच्या चाचण्यांत सामावून घेणे १९९७ च्या कायदा-दुरुस्तीने बंधनकारक झाले.

८ जानेवारी २००२ रोजी राष्ट्राध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी ‘नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड’ कायद्यावर स्वाक्षरी केली. रिपब्लिकन आणि डेमोक्रॅटिक या दोन्ही पक्षांचा त्याला पाठिंबा होता. तिसरी ते आठवीच्या प्रत्येक वर्गाची दरवर्षी आणि माध्यमिक शाळेत एकदा वाचन व गणित या विषयांची चाचणी सक्तीची झाली. निकाल केवळ सरासरीने न देता वंश, दारिद्र्य, अपंगत्व व इंग्रजीचे ज्ञान यांनुसार गटवार जाहीर करणे आवश्यक ठरले. २०१४ पर्यंत सर्व मुले प्रावीण्याच्या पातळीवर आली पाहिजेत, असे उद्दिष्ट ठरविण्यात आले. ठरलेली वार्षिक प्रगती सलग दोन वर्षे न झाल्यास अनुदानित शाळेवर क्रमाक्रमाने कठोर होत जाणारी कारवाई सुरू होई. याच कायद्यात प्रत्येक गटातील किमान ९५ टक्के विद्यार्थ्यांनी चाचणी दिली पाहिजे, अशी अट घालण्यात आली. ही अट पूर्ण न झाल्यास इतर निकाल कसेही असले तरी शाळेची प्रगती अपुरी मानली जाई.

या अटीचा मूळ हेतू दुबळ्या मुलांना लपविण्याचा मार्ग बंद करण्याचा होता. तथापि तिचा एक अनपेक्षित परिणाम झाला. शंभर मुलांमागे सहा पालकांनी नकार दिला तरी संपूर्ण शाळेचा हिशेब कोलमडू शकतो, हे उघड झाले. ज्या पालकांना कायदेमंडळात मत नव्हते आणि न्यायालयात आधार नव्हता, त्यांच्या हाती या एका आकड्याने अनपेक्षितपणे बळ दिले.

न्यायालयीन परंपरेची मर्यादा

चळवळीच्या साहित्यात पालकांच्या घटनात्मक हक्कांचा उल्लेख वारंवार येतो. त्यासाठी सर्वोच्च न्यायालयाचे दोन जुने निर्णय आधार म्हणून दिले जातात. ‘मेयर विरुद्ध नेब्रास्का’ (१९२३) या खटल्यात आठवी उत्तीर्ण होण्यापूर्वी मुलांना परकीय भाषा शिकविण्यास बंदी घालणारा कायदा रद्द झाला. ‘पिअर्स विरुद्ध सोसायटी ऑफ सिस्टर्स’ (१९२५) या खटल्यात सर्व मुलांना सरकारी शाळेतच घालण्याची सक्ती करणारा ऑरेगॉन राज्याचा कायदा रद्द झाला. मूल हे केवळ राज्याची निर्मिती नाही आणि त्याच्या संगोपनाची व शिक्षणाची दिशा ठरविण्याचा पालकांना हक्क आहे, हे तत्त्व या निर्णयांनी प्रस्थापित केले.

परंतु पिअर्स निर्णयाचा दुसरा भाग तितक्या वेळा सांगितला जात नाही. शाळांचे वाजवी नियमन करण्याचा, शाळा, शिक्षक आणि विद्यार्थी यांची तपासणी व परीक्षा करण्याचा राज्याचा अधिकार या निर्णयाने वादाबाहेर ठेवला होता. म्हणजे ज्या निर्णयातून पालकांचा हक्क निघाला, त्याच निर्णयात राज्याच्या परीक्षाधिकाराचा उल्लेख आहे. १९७२ मधील ‘विस्कॉन्सिन विरुद्ध योडर’ या निर्णयाने आमिश पंथीय पालकांना आठवीनंतर मुलांना शाळेत न पाठविण्याची मुभा दिली. मात्र त्या निर्णयाचा आधार धर्मस्वातंत्र्य हा होता. पुढे २००५ मध्ये ‘फील्ड्स विरुद्ध पामडेल’ या कॅलिफोर्नियातील खटल्यात संघीय अपील न्यायालयाने स्पष्ट केले की, पालकांना शाळा निवडण्याचा हक्क असला तरी निवडलेल्या सरकारी शाळेत काय विचारावे व काय विचारू नये हे ठरविण्याचा मूलभूत हक्क त्यांना नाही. २०२५ मधील ‘महमूद विरुद्ध टेलर’ या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने विशिष्ट गोष्टीच्या पुस्तकांच्या वाचनातून पाल्याला वगळण्याची मागणी करणाऱ्या पालकांची बाजू उचलून धरली. तोही निर्णय धर्मश्रद्धेवर आधारलेला आहे. गणिताची वा वाचनाची चाचणी नाकारणाऱ्या सर्वसाधारण पालकाला त्यातून थेट आधार मिळत नाही.

न्यायालयांतून जे मिळाले नाही ते काही राज्यांच्या कायद्यांतून मिळाले. कॅलिफोर्नियाच्या शिक्षण संहितेनुसार पालकाने लेखी विनंती केल्यास पाल्याला राज्याच्या चाचणीतून पूर्णतः वा अंशतः वगळता येते. पेनसिल्व्हेनियात चाचणीचा आशय पाहून धार्मिक कारणास्तव वगळण्याची मागणी करता येते. ऑरेगॉनने २०१५ मध्ये कायदा करून पालकांना या हक्काची सूचना देणे शाळांना बंधनकारक केले. तेव्हा हा हक्क राज्यागणिक बदलणारा, विधिमंडळाने दिलेला आणि म्हणून विधिमंडळाला काढून घेता येणारा आहे, हे लक्षात घ्यावे लागते.

न्यूयॉर्कमधील नकार

पालकांच्या संघटित नकाराचे एक लवकरचे उदाहरण मे २००१ मध्ये न्यूयॉर्क शहराजवळच्या स्कार्सडेल या धनिक उपनगरात घडले. तेथील आठवीच्या निम्म्याहून अधिक विद्यार्थ्यांना त्यांच्या पालकांनी, मुख्यतः मातांनी, राज्याच्या चाचणीला पाठविले नाही. चाचणीच्या तयारीत चांगल्या अध्यापनाचा वेळ जातो, अशी त्यांची तक्रार होती. स्कार्सडेलची मुले उत्तम गुण मिळविणारी होती आणि त्या चाचणीच्या निकालावर त्यांचे पुढील शिक्षण अवलंबून नव्हते. पुढील सर्व इतिहासाचे बीज या लहानशा प्रसंगात आढळते.

चळवळीला व्यापक रूप आले ते २०१० नंतर. राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा यांच्या कारकिर्दीत २००९ मध्ये ‘रेस टू द टॉप’ ही ४३५ कोटी डॉलरची स्पर्धात्मक अनुदान योजना आली. अनुदान मिळविण्यासाठी विद्यार्थ्यांच्या गुणांचा संबंध शिक्षकांच्या मूल्यमापनाशी जोडणे राज्यांच्या हिताचे होते. न्यूयॉर्कने तशी कायद्यात तरतूद केली आणि २०१० मध्ये या योजनेतून जवळजवळ ७० कोटी डॉलर मिळविले. त्याच सुमारास ‘कॉमन कोअर’ हे नवे अभ्यासनिकष बहुसंख्य राज्यांनी स्वीकारले. २०१३ मध्ये या निकषांवर आधारलेली पहिली चाचणी न्यूयॉर्कमध्ये झाली, तेव्हा इंग्रजी व गणित या दोन्ही विषयांत केवळ सुमारे ३१ टक्के मुले प्रावीण्याच्या पातळीवर आढळली. आदल्या वर्षीपर्यंत जी मुले समाधानकारक मानली जात होती, त्यांतील अनेक मुले एका रात्रीत अपुरी ठरली. अभ्यासक्रम शिकवून होण्यापूर्वीच त्याची परीक्षा घेतली गेली, असा शिक्षकांचा आक्षेप होता.

या निकालाने पालक आणि शिक्षक एकत्र आले. नकाराची रीत साधी होती. पालक शाळेला पत्र देत आणि शाळा त्या विद्यार्थ्याची नोंद ‘चाचणी न दिलेला’ अशी करी. राज्याच्या नियमांत वगळण्याची तरतूद नव्हती, पण नकार देणाऱ्या मुलाला शिक्षा करण्याचीही नव्हती. काही शालेय जिल्ह्यांत अशा मुलांना चाचणी चालू असताना जागेवर नुसते बसवून ठेवले जाई. इतरत्र त्यांना ग्रंथालयात वाचावयास पाठवीत. २०१४ मध्ये राज्याने कायदा करून तिसरी ते आठवीच्या चाचणीतील गुण विद्यार्थ्याच्या कायमच्या नोंदीत न लावण्याची तरतूद केली. पालकांची चिंता कमी व्हावी हा त्यामागील उद्देश होता. त्यामुळे नकार देणे मात्र अधिक निर्धोक झाले. चाचणीचे मुलावरील ओझे जवळजवळ उतरले आणि शिक्षकावरील ओझे तसेच राहिले.

२०१५ च्या प्रारंभी गव्हर्नर अँड्र्यू कुओमो यांनी शिक्षकांच्या मूल्यमापनात चाचणीच्या गुणांचा वाटा आणखी वाढविण्याचा आग्रह धरला. मार्चअखेरीस राज्याच्या शिक्षकसंघाच्या अध्यक्षांनी पालकांना उघडपणे नकाराचे आवाहन केले. २०१४ मध्ये सुमारे पाच टक्के असलेले नकाराचे प्रमाण २०१५ मध्ये वीस टक्क्यांवर गेले आणि २०१६ मध्ये त्याहून किंचित वाढले. लाँग आयलंडच्या उपनगरांत तर सुमारे निम्म्या विद्यार्थ्यांनी चाचणी दिली नाही.

शासनाला माघार घ्यावी लागली. डिसेंबर २०१५ मध्ये राज्याच्या बोर्ड ऑफ रीजन्ट्सने चाचणीच्या गुणांचा शिक्षकांच्या मूल्यमापनावरील परिणाम काही वर्षांसाठी स्थगित केला. २०१६ मध्ये चाचणीची वेळमर्यादा काढून टाकण्यात आली. २०१८ मध्ये प्रत्येक विषयाची चाचणी तीन दिवसांऐवजी दोन दिवसांची झाली. २०१९ मध्ये मूल्यमापनात राज्य चाचणीचा वापर करण्याची सक्ती कायद्यानेच रद्द केली. संघशासनाने ९५ टक्क्यांच्या अटीवरून ताकीद दिली, पण न्यूयॉर्कचे अनुदान कापले नाही. नकाराचे प्रमाणही त्यानंतर उतरत गेले आणि २०१९ मध्ये ते सुमारे १६ टक्के झाले.

या चित्रात एक अपवाद आहे आणि तो अत्यंत बोलका आहे. राज्यात २० टक्के नकार असताना न्यूयॉर्क शहरात २०१५ मध्ये हे प्रमाण दोन टक्क्यांहून कमी होते. शहरातील अनेक निवडक माध्यमिक शाळा त्या काळी प्रवेश देताना चौथीच्या व सातवीच्या राज्य चाचणीचे गुण विचारात घेत. उपनगरातील मुलाची शाळा त्याच्या घराच्या पत्त्यावरून ठरत होती, शहरातील मुलाला मात्र ती गुणांनी मिळवावी लागत होती. शहरी पालकांच्या संयमामागे इतरही कारणे असू शकतील, परंतु या एका कारणाचे महत्त्व नाकारता येत नाही.

फ्लॉरिडा : नकाराची किंमत

याच काळात फ्लॉरिडा राज्यात काय घडले, हे पाहिल्यास न्यूयॉर्कच्या यशाची मर्यादा अधिक स्पष्ट होते. फ्लॉरिडाच्या कायद्यानुसार तिसरीच्या वाचन चाचणीत किमान पातळी न गाठणाऱ्या मुलाला, काही अपवाद वगळता, त्याच वर्गात ठेवले जाते. चाचणीत सहभागी होणे विद्यार्थ्यांवर बंधनकारक असल्याने पालकांच्या गटांनी एक युक्ती काढली. मुलाने चाचणीला बसावे, पुस्तिकेचे सील उघडावे, आपले नाव लिहावे आणि एकही प्रश्न न सोडविता ती परत करावी. अशा रीतीने ‘सहभाग’ही होतो आणि चाचणीही नाकारली जाते, असा त्यांचा युक्तिवाद होता.

२०१६ मध्ये अशा काही मुलांना चौथीत घालण्यास शालेय जिल्ह्यांनी नकार दिला. त्यांतील काहींची वर्षभराची प्रगती चांगली होती. पालक न्यायालयात गेले. ऑगस्ट २०१६ मध्ये खालच्या न्यायालयाने पालकांच्या बाजूने निर्णय दिला आणि वर्गातील कामाच्या संग्रहाच्या आधारे मुलांची योग्यता ठरवावी, असे सांगितले. परंतु मार्च २०१७ मध्ये राज्याच्या अपील न्यायालयाने तो निर्णय फिरविला. मुलाला वाचता येते की नाही हे कळणे हा चाचणीचा हेतू असून, प्रश्न सोडविल्याशिवाय तो साध्य होत नाही, असे अपील न्यायालयाचे म्हणणे पडले. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने प्रकरणात लक्ष घालण्यास नकार दिला.

दोन्ही राज्यांतील पालकांची भावना एकच होती. त्यांचे तर्कही सारखेच होते. फरक होता तो निकालाचे ओझे कोणाच्या खांद्यावर आहे याचा. न्यूयॉर्कच्या पालकाने दिलेल्या नकाराची किंमत राज्य व शाळा यांना मोजावी लागली. फ्लॉरिडाच्या पालकाने दिलेल्या नकाराची किंमत आठ-नऊ वर्षांच्या मुलाने मोजली.

मोजले जाण्याचा हक्क

चळवळीला सर्वांत गंभीर विरोध शासनाकडून झाला नाही, तो नागरी हक्कांसाठी झगडणाऱ्या संघटनांकडून झाला. ५ मे २०१५ रोजी अशा बारा राष्ट्रीय संघटनांनी संयुक्त निवेदन काढून ऑप्ट-आउटला विरोध दर्शविला. कृष्णवर्णीयांची एनएएसीपी, लॅटिनो समाजाच्या संघटना आणि अपंगांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या संस्था त्यात होत्या. आपल्या मुलांकडे शाळा दुर्लक्ष करतात हे सिद्ध करण्यासाठी त्यांच्यापाशी गटवार निकालांखेरीज दुसरा पुरावा नव्हता. सर्वांनी चाचणी दिली तरच हा पुरावा विश्वसनीय राहतो. जी मुले पिढ्यान्‌पिढ्या हिशेबाबाहेर ठेवली गेली, त्यांच्या दृष्टीने मोजले जाणे हाच एक हक्क होता.

या विरोधाला आकडेवारीचा आधारही होता. न्यूयॉर्कच्या शिक्षण विभागाच्या २०१५ च्या माहितीनुसार नकार देणारे विद्यार्थी प्रामुख्याने श्वेतवर्णीय होते. आर्थिकदृष्ट्या दुर्बल आणि इंग्रजी शिकणाऱ्या विद्यार्थ्यांचे प्रमाण त्यांच्यात कमी होते. मात्र हे सर्व विद्यार्थी हुशार होते असे नाही. आदल्या वर्षी खालच्या दोन पातळ्यांत आलेल्या मुलांचे प्रमाण त्यांच्यात किंचित अधिक होते. कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजने २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सर्वेक्षणात ४७ राज्यांतील १,६४१ व्यक्तींनी भाग घेतला. त्यांत सुशिक्षित, श्वेतवर्णीय व सुस्थित कुटुंबांतील व्यक्तींचे प्राबल्य होते, तसेच शिक्षकी पेशातील व्यक्तींचे प्रमाण सुमारे ४५ टक्के होते. विद्यार्थ्यांच्या गुणांवरून शिक्षकांचे मूल्यमापन करण्यास विरोध, हे कारण सर्वाधिक व्यक्तींनी दिले होते.

तथापि हा वाद सरळसरळ वर्णभेदाच्या रेषेवर विभागला गेला, असे म्हणता येत नाही. जानेवारी २०१३ मध्ये सिॲटल शहरातील गारफील्ड हायस्कूल या संमिश्र वस्तीच्या शाळेतील शिक्षकांनी ‘मॅप’ नावाची चाचणी घेण्यास नकार दिला. अनेक पालक व विद्यार्थी त्यांच्या पाठीशी उभे राहिले आणि त्याच वर्षी मे महिन्यात तेथील हायस्कूलांना ही चाचणी ऐच्छिक करण्यात आली. एनएएसीपीच्या सिॲटलमधील शाखेने तर २०१५ मध्ये राष्ट्रीय संघटनेहून वेगळी भूमिका घेऊन ऑप्ट-आउटचे समर्थन केले. चाचण्यांच्या निकालांवरून आपल्या वस्तीतील शाळा बंद केल्या जातात, पण त्या सुधारल्या जात नाहीत, असा अनुभव मोठ्या शहरांतील कृष्णवर्णीय पालकांनाही आला होता. मोजमाप होऊनही जर मदत मिळत नसेल तर ते करून घ्यावयाचे कशासाठी, हा त्यांचा प्रश्न निराधार नव्हता.

२०१५ चा कायदा आणि न सुटलेला प्रश्न

१० डिसेंबर २०१५ रोजी ओबामा यांनी ‘एव्हरी स्टुडन्ट सक्सीड्स’ कायद्यावर स्वाक्षरी केली आणि २००२ च्या कायद्याची राजवट संपली. नव्या कायद्याने तिसरी ते आठवीच्या वार्षिक चाचण्या आणि ९५ टक्क्यांची अट कायम ठेवली. त्याच वेळी, पाल्याला चाचणीतून वगळण्याविषयी राज्यांनी वा स्थानिक संस्थांनी केलेल्या कायद्यांना या कायद्यामुळे बाधा येत नाही, असेही त्यात नमूद केले. चाचणीतील सहभागाविषयीचे धोरण मागितल्यास कळविले जाईल, ही सूचना पालकांना देणे अनुदान घेणाऱ्या जिल्ह्यांवर बंधनकारक झाले. सहभाग कमी पडल्यास काय करावयाचे, हे ठरविण्याचे काम राज्यांवर सोपविण्यात आले. शिक्षकांचे मूल्यमापन गुणांशी जोडण्याचा संघशासनाचा दबावही संपला.

एकाच कायद्यात सर्व मुलांना मोजण्याचा आदेश आणि न मोजू देण्याच्या हक्काची दखल अशा दोन्ही गोष्टी आल्या. ही तडजोड राजकीयदृष्ट्या शहाणपणाची होती, पण तिने मूळ प्रश्न सोडविला नाही, तो राज्यांच्या दारी नेऊन ठेवला. २०२० मध्ये कोविड महामारीमुळे संघशासनाने चाचण्यांना सूट दिली आणि देशभर त्या झाल्याच नाहीत. २०२१ मध्ये त्या पुन्हा सुरू झाल्या, तेव्हा ९५ टक्क्यांच्या अटीतून त्या वर्षापुरती सवलत देण्यात आली.

ज्या चाचणीचे ओझे मुलावर असते ती कशी बदलते, याचे उत्तर मॅसॅच्युसेट्सने दिले. १९९३ च्या शिक्षण सुधारणा कायद्यातून आलेली ‘एमकॅस’ चाचणी २००३ पासून हायस्कूलच्या पदविकेसाठी आवश्यक झाली. २००० साली काही शहरांतील विद्यार्थ्यांनी तिच्यावर बहिष्कार घातला होता, पण पदविका पणाला लागल्यावर बहिष्काराचा मार्ग बहुसंख्य कुटुंबांना परवडणारा राहिला नाही. अखेर नोव्हेंबर २०२४ मध्ये सार्वमत घेण्यात आले आणि सुमारे ५९ टक्के मतदारांनी पदविकेसाठीची ही अट रद्द केली. एकेका पालकाच्या पत्राने जे झाले नसते, ते मतपेटीतून झाले. ज्या राज्यात होरेस मॅन यांनी पहिली छापील प्रश्नपत्रिका वाटली, त्याच राज्यात हे घडले.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) अमेरिकेत पाल्याला प्रमाणित चाचणीतून वगळण्याचा पालकांचा सर्वसाधारण घटनात्मक हक्क न्यायालयांनी मान्य केलेला नाही. काही राज्यांच्या कायद्यांनी तो दिला आहे, तर न्यूयॉर्कसारख्या राज्यात नियमांतील मोकळ्या जागेतून तो प्रत्यक्षात आला.

२) दुबळ्या विद्यार्थ्यांच्या संरक्षणासाठी घातलेली ९५ टक्क्यांची अटच पालकांच्या संघटित नकाराचे प्रमुख साधन बनली.

३) नकार परिणामकारक ठरला तो मुलाला त्याची किंमत मोजावी लागत नव्हती अशा ठिकाणी. लाँग आयलंडचे उपनगर, न्यूयॉर्क शहर आणि फ्लॉरिडा यांची तुलना हेच दर्शविते.

४) मुलाचे भवितव्य ठरविणाऱ्या चाचण्यांच्या बाबतीत बदल झाला तो मॅसॅच्युसेट्सप्रमाणे सामूहिक निर्णयातून.

हक्क कागदावर सर्वांना सारखा असला तरी तो वापरण्याची ऐपत सर्वांपाशी सारखी नसते. ज्या मुलापुढे चाचणीखेरीज वर जाण्याचा दुसरा मार्ग नाही, त्याचे पालक नकाराचे पत्र लिहीत नाहीत. त्यांच्या मौनाचा अर्थ संमती असा लावणे इतिहासाच्या अभ्यासकाने टाळले पाहिजे. चाचणीला किती जणांनी विरोध केला यापेक्षा विरोध करणे कोणाला शक्य होते, हा प्रश्न परीक्षापद्धतीविषयीच्या कोणत्याही धोरणाच्या मुळाशी असावयास हवा.